पुंडलिकराव पडद्यावर मावत नाहीत

आंजी मोठी गावचे पुंडलिकराव आमच्या यादीत एक नंबरला होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सहा दिवस ते यादीत आहेत की नाहीत यावर माझी नोकरी आणि मी राहतो त्या पिपरी मेघेतली माझी पत, दोन्ही टांगलेल्या होत्या.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या जुलैमधली. मी वर्ध्याला संत्रा बागायतदारांच्या एका सहकारी संघात कारकून होतो. दरवर्षी आमचा संघ शेतकऱ्यांना संत्र्याची कलमं वाटायचा. आधी अर्ज, मग यादी, मग आठवडाभर खिडकीवर टोकन, आणि त्यानंतरच्या सोमवारी आवारात ट्रकमधून कलमं. टोकन नाही तर कलम नाही. त्या वर्षी अध्यक्षांनी कुठेतरी ऐकलं की पुढारलेल्या संस्था कम्प्युटर ठेवतात, म्हणून आम्हीही ठेवला. एक मशीन, आणि त्याला वायरींनी जोडलेले तीन पडदे, प्रत्येक पडद्यापुढे आपापला कीबोर्ड. या जोडीला टर्मिनल म्हणतात. आमचा शिपाई बापूजी तिला टीवी म्हणायचा आणि पिक्चर कधी लागते ते विचारायचा. एक टर्मिनल मॅनेजर चंद्रभान साहेबांच्या खोलीत, एक माझ्या टेबलावर, आणि तिसरं खिडकीशी बसणाऱ्या नलूताईंसमोर. पहिली दोन जुळी होती. तिसरं मागाहून, दुसऱ्या कंपनीचं आलं आणि दिसायला जास्त रुबाबदार होतं, म्हणूनच लोकांना दिसेल असं खिडकीत ठेवलं.

मला पुण्याला तीन आठवडे शिकायला पाठवलं होतं. तिथून आल्यापासून आमच्या गल्लीत माझ्याविषयी थोडा आदर उत्पन्न झाला होता आणि मी तो जपून वापरत होतो. यादीत चारशे चौदा नावं. मशीनला नुसतं 'यादी दाखव' म्हटलं की सगळी नावं सर्रकन वर निघून जायची आणि शेवटची तेवढी उरायची. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. मशीनला द्यायचे हुकूम एकाखाली एक लिहून ठेवले की त्याला स्क्रिप्ट म्हणतात. माझी स्क्रिप्ट तेवीस नावं दाखवायची, चोविसाव्या ओळीवर 'पुढे जायला एंटर दाबा' असं इंग्रजी अक्षरांत म्हणायची आणि नम्रपणे थांबायची. पडद्यावर चोवीस ओळी मावतात हे मला पुण्याला सांगितलं होतं, आणि पुण्याला सांगितलेलं खोटं असेल असं मानायचं मला काही कारण नव्हतं. साहेबांनी त्यांच्या खोलीत सगळी यादी एंटर दाबत दाबत पाहिली आणि म्हणाले, "वासुदेवराव, हे झालं काम!" त्या संध्याकाळी मी घरी जाताना सायकल जरा सावकाश चालवली, लोकांना नीट दिसावं म्हणून.

सोमवारी सकाळी टोकन सुरू झाली आणि खिडकीवर पहिलेच पुंडलिकराव आले. पासष्टीचा माणूस, पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हातात अर्जाची पोच घडी करून धरलेली. यादी गावांच्या नावाने इंग्रजी अक्षरांच्या क्रमात लावलेली, त्यामुळे आंजी सगळ्यांत वर आणि आंजीतही पुंडलिकराव पहिले. नलूताईंनी यादी एकदा पाहिली, पुन्हा पाहिली.

"काका, तुमचं नाव नाई दिसून राह्यलं."

"काऊन नाई? दोनशे खड्डे खणून ठेवले मी वावरात. अर्ज देल्ला, पोच हाये. नाव कुठी गेलं?"

"मले काय मालूम? मी काय खाल्लं का नाव?"

पुंडलिकराव भांडखोर नव्हते. ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांनी यादी लावली, आणि एक नंबरला, ठसठशीत, पुंडलिकराव. साहेब बाहेर येऊन नलूताईंना म्हणाले, "अहो, पहिलंच नाव आहे. चष्म्याचा नंबर तपासा." नलूताईंनी पुन्हा यादी लावली. पुंडलिकराव नाहीत. साहेब खोलीत गेले. पुंडलिकराव आहेत. अशा चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला पुंडलिकराव मधल्या दारात उभे राहिले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाबूजी, साहेबाच्या खोलीत मी आहो, बाईच्या खिडकीत मी नाई. मी आहो का नाई ते एक डाव सांगून टाका."

रांगेतली माणसं हसली. मी हसलो नाही, कारण सगळे पुंडलिकरावांकडे न पाहता माझ्याकडे पाहत होते.

तुम्ही म्हणाल, यादी छापून का नाही घेतली? प्रिंटर दुरुस्तीला नागपूरला गेला होता. जुन्या रजिस्टरमध्ये पाहून पुंडलिकरावांना टोकन का नाही दिलं? कारण अध्यक्षांनी फतवा काढला होता की यंदा खिडकीवरच्या कम्प्युटरवर दिसेल त्यालाच टोकन. रजिस्टरला कुलूप लावून त्यांनी किल्ली आपल्या गावी नेली होती. पुढारलेली संस्था म्हटल्यावर तेवढं होणारच.

संध्याकाळी ही बातमी माझ्याआधी पिपरी मेघेत पोचलेली होती. आमच्या शेजारचे महादेवराव रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक अडचण ही मुळात मालधक्क्याची अडचण आहे असं त्यांचं मत. ते अंगणातल्या खाटेवरूनच ओरडले, "वासुदेवा, वॅगन छोटी पडली असन. माल भरण्याआधी वॅगन मोजा लागते. मोजली का तुवा?"

"काका, ते वॅगन नाही, टर्मिनल आहे."

"रेल्वेत पण टर्मिनल असते. मले शिकवू नोको."

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई कुंपणापाशी आल्या. "मी सांगू का? पूजा कोणत्या मशीनची केली होती?"

मी आठवून पाहिलं. नारळ साहेबांच्या खोलीतल्या टर्मिनलपुढे फोडला होता. खिडकीतलं मागाहून आलं, त्याला हळदीकुंकूसुद्धा लागलं नव्हतं.

"मंग?" वच्छलाबाई म्हणाल्या. "थे रुसणारच."

माझी बायको कमला घरी शिवणकाम करायची. तिने सगळं ऐकून घेतलं, शिलाई मशीनच्या खणातून कापडी टेप काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "अहो, त्या सगळ्यांपेक्षा महादेवकाकांचं बरोबर आहे. माप घेतल्याशिवाय कोणी कापड कापतं का? तुम्ही चोवीस धरून कापलंत."

मला हे फार लागलं. तीन आठवडे पुण्याला राहून आलेल्या माणसाने बायकोचा टेप घेऊन कचेरीत जायचं? पण मंगळवारी सकाळी टेप माझ्या खिशात होता. रांग उभी असताना मी खिडकीतल्या पडद्याची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मोजली. बारा इंच. माझ्या टेबलावरची मोजली. तीही बारा इंच. रांगेतून कोणीतरी विचारलं, "बुशकोट शिवता का जी त्याले?" मी टेप खिशात घातला तो पुढे कमलेलाही दाखवला नाही.

दुपारी साहेबांनी स्वतःच्या अकलेने मोतीलालजींना बोलावलं. मोतीलालजींचं बाजारात टीव्हीचं दुकान. पडद्याला पाठीमागून पाहूनच ते म्हणाले, "वासुदेवभाऊ, ये तो हाईट का मामला है. वरच्या ओळी काठाखाली दबल्या. पाठीमागं स्क्रू राहते, दोन मिनिटांचं काम." त्यांनी पेचकस घातला आणि फिरवला. अक्षरं उभी वाढू लागली. एकेक अक्षर ज्वारीच्या धांड्यासारखं उंच झालं आणि वरची पाच नावं पडद्याच्या काठाआड गेली.

"दादा, एक गायब होता तं आता सहा झाले!" नलूताई ओरडल्या. "उलटं फिरवा, उलटं!"

मोतीलालजींनी उलटं फिरवलं. आता नावं मधोमध मुंग्यांच्या रांगेएवढी झाली. पूर्वीसारखं करायला त्यांना तासभर लागला, आणि तरीही अक्षरं शेवटपर्यंत जरा लांबुडकीच राहिली. पण त्या तासात एक उपयोगी गोष्ट घडली. मुंग्यांएवढी नावं झाली तेव्हा पडद्याचा वरचा आणि खालचा काठ स्वच्छ दिसत होता, म्हणजे काठाखाली काही दबलेलं नव्हतं. आणि नलूताई बसल्या बसल्या बोट लावून ओळी मोजत होत्या.

"वासुदेवभाऊ, तुमच्या तिथी किती ओळी येते?"

"चोवीस."

"माह्या इथी बावीसच. तळाच्या दोन ओळींवर मशीनचंच काहीतरी लिहिलं हाये."

मी पाहिलं. खरंच, त्या रुबाबदार टर्मिनलने तळाच्या दोन ओळी स्वतःसाठी राखून ठेवल्या होत्या. एकीवर घड्याळ, तेही चुकीचं. दुसरीवर आठ चौकोन, ते कशासाठी होते हे मला आजतागायत कळलेलं नाही. माझी स्क्रिप्ट चोवीस ओळी पाठवायची, त्यातल्या बावीसच मावायच्या, आणि वरची दोन नावं दिसण्याआधीच पडद्याबाहेर ढकलली जायची. प्रत्येक पानाला दोघं. पानं अठरा. म्हणजे छत्तीस शेतकरी मी पडद्यावरून ढकलून दिले होते. त्यातले पहिले पुंडलिकराव.

रोग कळला की माणसाला अर्धं बरं वाटतं. मी लगेच स्क्रिप्टमध्ये तेवीसच्या जागी एकवीस केलं. पुंडलिकराव खिडकीत अवतरले. मी साहेबांना सांगायला धावलो तर साहेब आपल्या पडद्याकडे पाहत कपाळाला आठ्या घालून बसलेले.

"वासुदेवराव, आमच्या पडद्याचा तळ रिकामा का?"

"साहेब, खिडकीतला पडदा लहान आहे, म्हणून—"

"मग तिकडचा लहान म्हणून आम्ही आखडून बसायचं? अध्यक्ष आले की काय म्हणतील? दोन ओळी वाया!"

साहेबांशी वाद घालणं माझ्या स्वभावात नव्हतं आणि सेवाशर्तींतही नव्हतं. मी दोन स्क्रिप्टा केल्या. 'यादी' साहेबांसाठी, 'यादी२' खिडकीसाठी. बुधवारी सगळं सुरळीत. गुरुवारी सकाळी नलूताईंच्या बोटांनी जुन्या सवयीने 'यादी' लिहिलं, आणि पुंडलिकराव पुन्हा गेले. बुधवारी ते टोकन घ्यायला आलेच नव्हते, कारण बुधवारी आंजीचा बाजार होता.

त्यांना परत फिरवलेलं साहेबांनी स्वतः पाहिलं. मला खोलीत बोलावलं. "ती 'यादी२' आजच पुसून टाका. यादी एकच हवी. हुकूम एकच हवा. पडदा केवढा आहे ते त्या स्क्रिप्टने स्वतः पाहून घ्यावं. माणूस दारातून आत येताना दार केवढं ते पाहतो ना? तेवढी अक्कल तिला शिकवा. शनिवारी बारापर्यंत झालं तर झालं. नाही तर अध्यक्षांकडून किल्ली मागवून रजिस्टर, आणि तुम्ही कारंजा घाडग्याच्या गोडाऊनवर. तिथे स्टोअरकीपरची जागा रिकामीच आहे."

कारंजा घाडगे गाव काही वाईट नाही. नागपूर-अमरावती रस्त्यावर ढाब्यांवर जेवण उत्तम मिळतं. पण गोडाऊनवर नेमणूक म्हणजे काय, ते ज्यांची झाली त्यांनाच माहीत. आणि गल्लीला काय सांगणार? पुण्याला शिकून पोती मोजायला गेला?

मी मशीनलाच विचारलं. मशीनमध्ये एक हुकूम असतो, 'पडद्याला ओळी किती' असं विचारणारा. माझ्या टर्मिनलवर विचारलं, म्हणालं चोवीस. खिडकीतल्यावर विचारलं, म्हणालं चोवीस. समोर बावीस दिसताहेत आणि हे चोवीस म्हणतंय! मग लक्षात आलं, ते बिचारं पडद्याकडे पाहतच नव्हतं. मशीनमध्ये टर्मिनलांची एक नोंदवही असते. बसवणाऱ्या इंजिनिअरने तिन्ही टर्मिनलांचा एकच प्रकार लिहून टाकला होता, आणि मशीन ती नोंद वाचून दाखवत होतं. कचेऱ्यांत मी पंधरा वर्षं हेच पाहत आलो होतो, पण मशीनकडून मला ही अपेक्षा नव्हती.

नागपूरला इंजिनिअरला ट्रंक कॉल लावला. दीड तासाने लागला. "प्रकार बरोबर लिहिलाय ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, चूक लिहिलाय. "मग बरोबर लिहा." काय लिहू? "ते टर्मिनलच्या पुस्तकात पाहा." आणि वेळ संपली.

टर्मिनलचं पुस्तक स्टोअरच्या कपाटात. कपाटाची किल्ली स्टोअर क्लार्ककडे, तो आर्वीला साल्याच्या लग्नाला. दुसरी किल्ली साहेबांकडे, पण पुस्तक 'मृत साठा' या सदरात चढवलेलं, आणि मृत साठ्यातली वस्तू बाहेर काढायची तर कारणासह अर्ज लागतो. मी कारण लिहिलं, 'जिवंत करण्यासाठी.' साहेबांनी ते खोडून 'कार्यालयीन कामासाठी' केलं आणि सही केली. शुक्रवारी दुपारी पुस्तक माझ्या हातात आलं. दोनशे सत्तर पानं, सगळी इंग्रजी, आणि पहिल्या वीस पानांत टर्मिनल पाण्यात बुडवू नये असंच लिहिलेलं.

पुंडलिकराव त्याही दिवशी आले होते. कचेरीच्या ओट्यावर बसून भाकरी खात होते. मी पुस्तक घेऊन शेजारी बसलो. खरं तर त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण सावली तेवढीच होती.

"बाबूजी," त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्यापुढे केला, "एवढं काय शोधून राह्यले?"

मी त्यांना सगळं सांगितलं. पडदा केवढा ते मशीनला कळत नाही, नोंदीत एक आहे आणि जागेवर दुसरंच. ते भाकरी चावत ऐकत होते.

"माह्या वावराचं तेच झालं होतं," ते म्हणाले. "कागदावर चार एकर, जागेवर कमी. मी म्हटलं, कागदाले काऊन पुसता? पायानं चालत जा. धुरा लागला का पाय थांबतेच. मंग तिथी उभं राहून पुसा, कुठी आलो. कागद खोटा बोलन, धुरा नाई बोलत."

धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. मी हातातला भाकरीचा तुकडा तसाच धरून पुस्तक उघडलं. पान एकशे बारा. तिथे लिहिलं होतं की पडद्यावरच्या लुकलुकत्या खुणेला, जिला कर्सर म्हणतात, तिला अमुक ओळीवर जा असं सांगता येतं, आणि पडद्यात नसलेली ओळ सांगितली तर ती शेवटच्या ओळीवर थांबते. पान एकशे पंधरा. टर्मिनलला 'कर्सर कुठे आहे' असं विचारता येतं, आणि टर्मिनल स्वतः उत्तर देतं.

म्हणजे कर्सरला सांगायचं, नऊशे नव्व्याण्णवाव्या ओळीवर जा. तो निघेल, धुऱ्याला लागेल, थांबेल. मग विचारायचं, बाबा, कुठे आलास?

मी पुंडलिकरावांच्या पाया पडायचाच बाकी होतो. तसाच आत धावलो. खिडकीतल्या टर्मिनलवर तो हुकूम दिला. क्षणभर काही नाही. मग पडद्यावर कचरा उमटला, वाकडे कंस, एक अर्धविराम, आणि त्यात स्पष्ट बावीस! माझ्या टर्मिनलवर, चोवीस! मी नलूताईंना म्हटलं, "बोललं! ते बोललं!" नलूताईंनी खुर्ची थोडी मागे घेतली.

आता एवढंच उरलं होतं की ते उत्तर पडद्यावर न सांडता स्क्रिप्टने ऐकावं. इथेच शुक्रवारची उरलेली दुपार गेली. टर्मिनल उत्तर देतं ते कीबोर्डवर कोणी टाइप केल्यासारखं येतं, पण शेवटी एंटर दाबत नाही. त्यामुळे स्क्रिप्ट एंटरची वाट पाहत बसायची. शेवटी मी तिला शिकवलं की एकेक अक्षर जसं येईल तसं घे, एंटरची वाट पाहू नकोस, आणि घेताना पडद्यावर उमटवू नकोस. हे छान जमलं. आकडा बरोबर आला. मी सायकल काढून घरी निघालो.

शनिवारी सकाळी दहाला नलूताई दारातच भेटल्या. "वासुदेवभाऊ, माहं मशीन मुकं झालं! काहीबी दाबा, उमटतच नाई. आन बाहेर तीस माणसं उभी हाये!"

मी पाहिलं. अक्षर दाबलं, उमटलं नाही. 'पडद्यावर उमटवू नकोस' हे मी सांगितलं होतं, पण काम झाल्यावर 'आता उमटव' हे सांगायचं राहिलं होतं. स्क्रिप्ट संपली, मशीनने मात्र हुकूम पाळणं चालूच ठेवलं. कोणी गप्प बस म्हटल्यावर आयुष्यभर गप्प बसावं, तसं. दारात साहेब येऊन उभे. घड्याळात सव्वादहा. तेवढ्यात मला पुण्याच्या मास्तरांनी दिलेला एक हुकूम आठवला. असं काही बिघडलं की हा द्या, ते म्हणाले होते. त्या हुकमाचा अर्थच मुळी 'शुद्धीवर ये' असा होता. दिसत काहीच नव्हतं, म्हणून आंधळ्यासारखा एकेक अक्षर चाचपत लिहिला. पडदा शुद्धीवर आला. मग स्क्रिप्टच्या शेवटी 'आता उमटव' लिहिलं, आणि अगदी सुरुवातीला 'आधी कसं होतं ते लक्षात ठेव' हेही. माझ्या एकूण शिक्षणात ही दोन वाक्यं सगळ्यांत महाग पडली.

पावणेबारा वाजता साहेब म्हणाले, "दाखवा."

मी नलूताईंना म्हटलं, "नेहमीसारखं 'यादी' लिहा."

त्यांनी लिहिलं. कर्सर पडद्याच्या तळाशी गेला, परत आला, आणि एकवीस नावं आली. वर पहिलं आंजी मोठी, पुंडलिकराव. तळाला पुढे जायचं वाक्य, आणि त्याखाली त्या चुकीच्या घड्याळाला कोणीही धक्का लावलेला नव्हता. साहेब आपल्या खोलीत गेले. आम्ही सगळे दाराकडे पाहत उभे. आतून एंटर दाबल्याचा आवाज आला, पुन्हा आला. मग साहेब बाहेर येऊन म्हणाले, "आमच्याकडे तेवीस आहेत. तळ भरलेला आहे." आणि वळता वळता, "कारंज्याला दुसरा कोणी बघतो," असंही म्हणाले.

पुंडलिकराव खिडकीत उभे होते. नलूताईंनी त्यांना टोकन दिलं. त्यांनी ते घेतलं, पण हलले नाहीत.

"बाई, मले एक डाव दाखवा, कुठी आहो मी."

नलूताईंनी टर्मिनल खिडकीकडे वळवलं आणि सगळ्यांत वरच्या ओळीवर बोट ठेवलं. पुंडलिकरावांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. त्यांनी गजातून हात घालून त्या ओळीला हलकेच स्पर्श केला, जसा माणूस नव्या रोपाला करतो. "लांबुडकं लिहिलं," ते म्हणाले, "पण बेस लिहिलं." आणि मग माझ्याकडे वळून, "बाबूजी, असे आणखी किती होते?"

माझा आनंद तिथेच उतरला. छत्तीस होते. त्यातले या आठवड्यात कितीजण येऊन परत गेले असतील? मी नलूताईंकडे पाहिलं.

"अकरा. बाकीचे बुधवारी घेऊन गेले, नाईतं आता रांगेत हाये," त्या म्हणाल्या आणि खणातून एक वही काढली. "परत जाताना हरेकानं बोल लावले. ज्यानं ज्यानं लावले त्याचं त्याचं नाव मी लिहून ठेवलं. म्हटलं, कधीतरी हिशेब चुकता करीन."

ती वही मला त्या दिवशी पोथीसारखी वाटली. अकरा नावं, अकरांचीही गावं. रविवारी सकाळी साहेबांनी संघाची जीप दिली. नलूताई, मी आणि पुंडलिकराव, कारण त्यांना त्या बाजूच्या वाटा ठाऊक. दिवसभर गावोगाव फिरलो. प्रत्येक दारात मी सांगायचो की चूक माझी होती, आणि प्रत्येक दारात लोक पाणी द्यायचे. एका म्हाताऱ्याने नलूताईंना ओळखलं आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी लय बोललो." नलूताईंनी वहीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली आणि त्याला दाखवली. संध्याकाळपर्यंत अकराही टोकनं वाटून झाली.

सोमवारी आवारात ट्रक लागला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली कलमं, मुळांना चिखल, पानं टवटवीत. नलूताई नाव वाचायच्या, एंटर दाबायच्या, माणूस पुढे यायचा, जुडी घेऊन जायचा. पहिली जुडी पुंडलिकरावांच्या बैलबंडीत गेली. पान संपलं की पुढचं पान यायचं, आणि प्रत्येक पानाला मी दाराशी उभा राहून वरची दोन नावं मोठ्याने वाचायचो. गरज नव्हती. पण वाचली की बरं वाटायचं. चार वाजता शेवटचं नाव झालं. बापूजीने ट्रक आतून झाडून घेतला. चारशे चौदा माणसं, एकही उरला नाही.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

तिन्ही पडदे एकदम काळे झाले. साहेब खोलीतून बाहेर आले, नलूताई खुर्चीत वळल्या, बापूजी झाडू हातात घेऊन थांबला, आणि सगळे सवयीने माझ्याकडे पाहू लागले. गेल्या आठवड्यात अशा वेळी मी पडद्याकडे धावायचो. मी खुर्ची ओढली, पाय लांब केले.

"गावाचीच गेली असेल," मी म्हणालो. "बापूजी, चहा सांगून ये. सगळ्यांना."